गाळलेले सात महिने

एकदा एक नामांकित धावपटू आपल्या म्हाताऱ्या गुरूशी भांडायचं ठरवून पुण्याहून गावी आली.

तिचं नाव वैजयंता शेळके. पाच हजार मीटरची राष्ट्रीय विजेती. कृष्णाकाठच्या ज्या लहानशा गावात ती वाढली, तिथल्या मैदानावर मगदूम मास्तरांनी तिला बाराव्या वर्षापासून घडवलं होतं. मास्तर आता पंच्याहत्तरीला आले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी सकाळी सहाला मैदानावर त्यांची शिट्टी वाजायचीच.

भांडणाचं कारण होतं एक पुस्तक. कुमारांसाठी खेळाडूंची चरित्रं लिहिणाऱ्या एका लेखकाने वैजयंताचं चरित्र लिहिलं होतं आणि ते शाळाशाळांतून वाचलं जात होतं. त्यातलं सातवं प्रकरण मुलांना विशेष प्रिय होतं. राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम शर्यत, तिसऱ्या फेरीपासून नडगीत उठलेली असह्य कळ, दातांखाली दाबलेला ओठ, कुणालाही न सांगता पूर्ण केलेली शर्यत आणि गळ्यात पडलेलं सुवर्णपदक. यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यानंतर काय झालं, ते मात्र पुस्तकात नव्हतं. लेखकाने विचारलं होतं, "मग पुढे?" आणि वैजयंता म्हणाली होती, "पुढे काही विशेष नाही. आठवं प्रकरण पुढच्या वर्षापासून सुरू करा."

पुस्तक आल्यापासून तिला चैन नव्हतं. रोज कुठल्या ना कुठल्या शाळेत व्याख्यान, त्याच वाक्याला त्याच टाळ्या, आणि परतताना गाडीत विनाकारण होणारी तगमग. एका मुख्याध्यापकांनी तिला अभिमानाने सांगितलं, "तुमचं पुस्तक वाचल्यापासून आमची मुलं ताप आला तरी खेळाचा तास चुकवत नाहीत." त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. या अस्वस्थतेला काही तरी कारण हवं होतं, आणि ते तिला मास्तरांत सापडलं. मैदानावरच्या मुलांसाठी तिने पुस्तकाच्या तीस प्रती पाठवल्या होत्या. मास्तरांनी एकही वाटली नव्हती. सगळ्या कपाटात ठेवून वर कुलूप घातलं होतं.

"मास्तर, माझं काही चुकलं का?" दारातूनच तिने विचारलं.

"आधी बस. चहा घे."

"चहा नको. पुस्तकं कुलपात का ठेवलीत?"

मास्तरांनी तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "चार दिवस राहशील?"

"मला परवा सोलापुरात कार्यक्रम आहे."

"तो पुढे ढकल. रोज सकाळी मैदानावर ये. मुलं हलकं हलकं पळतील, तू नुसती बघ. कुणाशी बोलायचं नाही. आणि मला सांग, यातल्या कुणाचं दुखतंय."

"दुखतंय त्यांनाच विचारा की!"

"विचारलं," मास्तर म्हणाले, आणि कप घेऊन आत गेले.

वैजयंताला हा म्हातारपणाचा हट्ट वाटला. तरीही ती राहिली. त्या माणसाचा शब्द मोडायची तिच्या पायांनाच सवय नव्हती.

पहिल्या दिवशी चोवीस मुलंमुली तिच्यासमोरून धावत गेली. एकजण लंगडला, पण त्याच्या टाचेत काटा होता. दुसऱ्या दिवशी तिला एका जागी उभं राहवेना. ती कुंपणालगत येरझारा घालू लागली. फोन सारखा वाजत होता. सोलापूरचे लोक नाराज झाले होते. मुलं पुन्हा पुन्हा समोरून जात होती आणि सगळी सारखीच दिसत होती. कुणी तक्रार करत नव्हतं, कुणी मागे बसत नव्हतं. तिच्या लहानपणी रोज पाच-सहाजण तरी पोटात दुखतंय, पाय भरून आलाय म्हणत मास्तरांभोवती घोटाळायचे, हे तिला आठवलं. पण त्याचा अर्थ तिने लावला नाही. हल्लीची मुलं काटक आहेत, एवढंच तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती पिशवी भरूनच मैदानावर आली. दहाची एसटी पकडायची होती.

सर्वांत पुढे मुबीना मुजावर धावत होती. तेरा वर्षांची, हसऱ्या चेहऱ्याची, मास्तरांची सर्वांत आशेची पोर. तीन आठवड्यांवर जिल्हा स्पर्धा होती आणि ती जिंकणार हे गावात सर्वांनी गृहीत धरलं होतं. धावणं संपलं. मुलं मातीत बसली. मुबीना बसली नाही. खांबाला टेकून ती बुटाची नाडी बांधू लागली. नाडी सुटलेली नव्हती. नाडीवरून तिचा अंगठा हळूच वर सरकला आणि नडगीवरची एक जागा त्याने दाबून धरली. क्षणभरच. मग ती पुन्हा हसू लागली.

ती खोटी नाडी वैजयंताने स्वतः कितीदा तरी बांधली होती.

न बोलण्याची अट विसरून ती मुबीनाजवळ गेली. "दुखतंय?"

"नाही, ताई."

"किती दिवस झाले?"

मुबीनाने आजूबाजूला पाहिलं. "वीस-बावीस. पण मी थांबणार नाही."

"मास्तरांना का नाही सांगितलंस?"

मुलगी चकित झाली. "तुम्ही तरी कुठं सांगितलं होतं? माझ्या मावसबहिणीच्या शाळेत पुस्तक आहे तुमचं. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं वाचलं. सातवं प्रकरण तर मला पाठ आहे!"

वैजयंताने तिला दोन्ही हातांनी धरून खाली बसवलं. मग ती मास्तरांकडे गेली.

"मुबीना. डावी नडगी."

मास्तरांनी डोळे मिटले. "मला तिच्यावर संशय नव्हता," ते म्हणाले. "तीन आठवड्यांपूर्वी मुलांच्या तक्रारी एकदम थांबल्या, तेव्हाच मी सराव निम्म्यावर आणला. एकेकाला जवळ घेऊन विचारलं, सगळी नाही म्हणाली. पूर्वी मला चालीवरून कळायचं, आता डोळे साथ देत नाहीत. म्हटलं, जिनं एकदा मला फसवलं होतं, तिलाच हे ओळखता येईल. तू आपणहून आलीस, बरं झालं. नाही तर मी बोलावणारच होतो."

"पण मास्तर, पुस्तकात खोटं काहीच नाही."

"नाही. अर्धंच आहे. वैजू, ते पदक तू न थांबल्यामुळे मिळवलं नाहीस. आधीची सहा वर्षं मी थांब म्हटलं की तू थांबायचीस, म्हणून त्या दिवशी तुझ्यात ते बळ होतं. आणि त्या एका दिवसाची किंमत तू नंतर सात महिने अंथरुणात आणि घरात बसून मोजलीस. आशियाई स्पर्धा हातची गेली. ते तू गाळलंस. मोठं माणूस चरित्र वाचतं, कौतुक करतं आणि बाजूला ठेवतं. मूल ते दुसऱ्या दिवशी करून बघतं. त्याच्या हाती अर्धी गोष्ट दिली, तर उरलेली अर्धी त्याला आपल्या हाडांवर वाचावी लागते."

दहाची एसटी निघून गेली.

दुपारी तिने स्वतः मुबीनाला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर होती. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलीत. अजून पंधरा दिवस अशीच पळाली असती तर हाड मोडलं असतं. आता सहा आठवडे धावणं बंद."

सहा आठवडे म्हणजे जिल्हा स्पर्धा गेली. परतीच्या वाटेवर मुबीनाने ताईकडे पाहिलंही नाही. घराच्या पायरीवर बसून ती रागाने रडली. वैजयंता शेजारी बसून राहिली. तिथूनच तिने लेखकाला फोन लावला.

"पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवायचं आहे. सातव्यानंतर."

"उत्तम! काय घडतं त्यात?"

"काही घडत नाही. त्या शर्यतीनंतर मी सात महिने घरी बसून असते."

"मुलांना कंटाळा येईल हो, मॅडम."

"येऊ दे. मलाही आला होता. आणि व्याख्यानांतही आता मी तेच सांगणार आहे."

तिने फोन ठेवला, तेव्हा मुबीनाचे हुंदके थांबले होते. ती ऐकत होती.

"सात महिने?" तिने नाक पुसत विचारलं. "मग काय केलंत तुम्ही इतके दिवस?"

"पहिला महिना रडले. मास्तरांवर चिडले, आईवर चिडले. दुसऱ्या महिन्यात विणायला शिकले. एक स्वेटर केला, त्याची एक बाही लांब झाली आणि एक आखूड."

मुबीनाला हसू फुटलं. हसतानाच पुन्हा तिचे डोळे भरून आले. तिने डावा पाय जपून पायरीवर लांब केला आणि म्हणाली, "बरं, मग तिसऱ्या महिन्यात?"