पंख्याखालची खाट

एकदा एका रुग्णालयात एक तरुण परिचारिका रुजू झाली. नुकतीच नोंदणी झालेली, आणि समोर तीस खाटा. वॉर्डच्या वृद्ध मुख्य परिचारिकेने तिच्या हाती औषधांचा ट्रे दिला. "करत करत शिकशील. आम्हीही तसंच शिकलो." ज्येष्ठांना हे वाक्य फार आवडते.

चौथ्या दिवशी दुपारी तिने सात नंबरच्या खाटेवरच्या रुग्णाला इन्सुलिन टोचले. ती वळते तोच नऊ नंबरवरून हाक आली, "ताई, माझं साखरेचं इंजेक्शन राहिलं." सातवर पंख्याचा वारा यायचा. मधुमेहाच्या रुग्णाने ती खाट नऊवरच्या म्हाताऱ्याला दिली होती आणि स्वतः त्याच्या जागी गेला होता.

कुणी पाहिले नव्हते. गप्प राहिले तर नोकरी वाचणार होती, सांगितले तर जाण्याची भीती होती. तरी ती धावत मुख्य परिचारिकेकडे गेली. म्हाताऱ्याला दरदरून घाम सुटला होता. डॉक्टर आले, ग्लुकोज चढवले, संध्याकाळपर्यंत तो सावरला.

सकाळी ड्यूटी बदलताना सगळ्या परिचारिका जमल्या. "आता हिची पूजा बांधणार बाई," एकीने कुजबुजत म्हटले.

वृद्धा म्हणाली, "छत्तीस वर्षांपूर्वी याच वॉर्डात मी हीच चूक केली. रुग्णाचं नाव बाळकोबा रणपिसे. मी कुणाला सांगितलं नाही. ते गेले."

तरुणीला राग आला. "खाटा बदलतात हे तुम्हाला छत्तीस वर्षं ठाऊक होतं, बाई. पहिल्या दिवशी मला एवढं एकच वाक्य का नाही सांगितलंत?"

वृद्धा म्हणाली, "सांगायचं तर बाळकोबांचंही सांगावं लागलं असतं. मला लाज वाटत होती, आणि मी त्या लाजेलाच शिस्त म्हणत आले. 'करत करत शिक' म्हटलं की शिकवणाऱ्याला काहीच कबूल करावं लागत नाही. तुझ्याआधी चार मुली इथून रडत गेल्या. त्यांनाही मी हेच म्हणाले होते."

तरुणीने तिचे सांत्वन केले नाही. पुढे कित्येक दिवस ती सिरिंज भरताना वृद्धा शेजारी उभी राही, आणि सुईआधी दोघी रुग्णाला त्याचे नाव विचारत.

दोन महिन्यांनी आणखी एक नवी मुलगी आली. तिने ट्रेकडे हात केला. वृद्धेने ट्रे बाजूला सरकवला आणि तिला शेजारी बसवले.

"आधी बाळकोबांचं ऐक."