अर्धा फेर

“बुवा, माझ्या पायातला चाळ सोडाल का?”

रावजीबुवांच्या अडकित्त्यात सुपारी होती. ती तशीच राहिली.

“तुला सोडता येत नाय?”

“पहिला चाळ गुरूने बांधायचा आणि शेवटचा गुरूनेच सोडायचा. तुम्हीच सांगितलं होतंत.”

“सांगितलं असेल...” बुवा म्हणाले आणि सुपारी कातरली.

जयराम पडवीच्या पायरीवर बसला होता. दमलेल्या माणसाला बसण्याचेही कष्ट होतात, तसा तो बसला होता. याच अंगणात बुवांनी त्याला जाखडी शिकवली होती. मधे मृदंगवाला आणि गाणारे बसायचे, आणि भोवती एका पायात चाळ बांधून वाडीतले बाप्ये फेर धरायचे. त्या फेरातून जयराम जो उठला, तो थेट जगभर फिरला. बल्गेरियात गेला, आर्मेनियात गेला, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या खेड्यांत राहिला. जिथे माणसं हातात हात धरून नाचतात तिथे तिथे जाऊन शिकला, आणि तिथलेच नाचणारे गोळा करून त्याने संच उभा केला. मोठमोठ्या शहरांत त्याच्या नावाच्या पाट्या लागत.

तो संच आत्ता फणसाखाली आपापल्या पिशव्यांना टेकून पेंगत होता. कालचा प्रयोग एका शहरात, उद्याचा दुसऱ्या. मधे जयरामने गाडी गावाकडे वळवायला लावली होती. का, ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

“गुडघा गेला, बुवा.”

“जाणारच. माझे दोन्ही गेले.”

“परवा चालू नाचात मागे पडलो. शेजारच्या मुलीने हाताला धरून ओढत नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या... कीव येऊन.”

“टाळ्यांत पण जात बघतोस?”

जयराम हसला नाही. हसायचंही त्याच्या जिवावर आलं होतं.

“तुम्हाला थट्टा सुचते. एवढे नाच पायात आहेत माझ्या, आणि उभं राहायला जागा नाही. उद्या मी फेरात शिरलो तर फेर बिघडणार. नाही शिरलो, तर मग मी कोण?”

बुवांनी सुपारीचं खांड त्याच्यापुढे धरलं. त्याने मान हलवली. बुवांनी ते स्वतःच्या तोंडात टाकलं.

“त्या मुलुखांत म्हातारी माणसं नाचत नाय काय?”

“नाचतात की. मरेपर्यंत नाचतात.”

“मग तुझ्या संचात म्हातारं कोण हाय?”

जयरामने फणसाखाली पाहिलं. सगळी विशी-पंचविशीतली.

“मीच.”

“हं...” बुवा म्हणाले. “दाखव तुझा नाच.”

“आत्ता? पोरं दमलीत, बुवा.”

“मी पण दमलोय बघ. दमलेल्याने दमलेल्याला दाखवायला काय हरकत हाय?”

पोरं उठली. कुरकुर झाली, पण उठली. जयरामने घरातून एक लाकडी खुर्ची आणून अंगणाच्या कडेला मांडली, आणि काठी टेकत आलेल्या बुवांना हात देऊन तिच्यावर बसवलं. मग तो टाळीने ठेका धरू लागला.

सारवलेल्या अंगणात पावलं पडू लागली. नाच बल्गेरियाचा होता. नाचणाऱ्यांनी एकमेकांचे हात धरले आणि कोणी न सांगता फेराचं तोंड खुर्चीकडे उघडं ठेवलं. भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तसा फेर एका बाजूने मोडलेला. पावलं मात्र एकसारखी. चूक काढायला जागा नव्हती, आणि दमलेल्या जयरामलाही त्याचा अभिमान वाटला.

बुवांनी हात वर केला. पावलं थांबली.

“फेर तुटला काय?”

“नाही बुवा, तो मुद्दाम तसा धरतात. पुरा फेर धरला की अर्ध्यांची पाठ बघणाऱ्याकडे होते. रंगमंचावर ते चालत नाही.”

“लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. तुझं तर अंगणच अर्धं.”

पोरांना भाषा कळत नव्हती. ती आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

“मूळ गावात फेर पुरा असतो ना रे?”

“पुराच असतो.”

“मग हितं, या बाजूला...” बुवांनी उघड्या जागेकडे बोट केलं. “हितं कोण असायचं?”



जयरामला बल्गेरियातल्या एका डोंगराळ गावची आजीबाई आठवली. तिला उड्या जमत नव्हत्या. सगळे उड्या मारत तेव्हा ती नुसती चालायची, आणि दोन्हीकडचे हात तिला आपल्याबरोबर नेत. काठी घेऊन नाचणारा एक आर्मेनियन सुतार आठवला. याच अंगणात लंगडत फेर धरणारे बुवांचे थोरले भाऊ आठवले. त्याने त्यांतल्या कोणाला हाकललं नव्हतं. रंगमंचावर बोलावलं नव्हतं, एवढंच.

“असायचे कोणी कोणी,” तो म्हणाला. “हळू चालणारे.”

म्हणाला, आणि त्याचा हात आपल्याच गुडघ्यावर गेला.

वाऱ्याने फणसाची पानं हलली. कोणीतरी जांभई दिली.

शेवटी जयराम खुर्चीपाशी आला. त्याने दुखरा पाय कसाबसा पुढे केला.

“सोडा, बुवा. आता तरी सोडा.”

बुवा वाकले. त्यांची बोटं चाळाच्या गाठीपर्यंत गेली. जयरामने डोळे मिटून घेतले.

गाठ सुटली नाही. बुवांनी ती चाचपली, जरा घट्ट केली, आणि ते त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठले.

काठी त्यांनी खुर्चीलाच टेकवून ठेवली. एकेक पाऊल टाकत ते त्या उघड्या जागेत गेले आणि खुर्चीकडे पाठ करून उभे राहिले. फेराच्या एका टोकाला बल्गेरियाची मिलेना होती. तिने काही न विचारता त्यांचा हात धरला.

त्यांचा दुसरा हात तसाच रिकामा राहिला होता.

इतक्या वर्षांत जयरामने बुवांची पाठ कधी नीट पाहिली नव्हती. फार वाकली होती.

“बुवा, पडाल...”

बुवांनी वळून पाहिलं नाही.

“हात दे,” ते म्हणाले. “बघणारा उठला.”