तिरपी आणि सरळ चालवणारा राजा

एक होता राजा. माणूस नव्हे हं, मासा. गोब्रा म्हणतात ना, जाड ओठांचा, मोठ्या तोंडाचा, तो. शेवंते, सरळ झोप गं, भावाला जागा दे. हं, तर काय सांगत होते?

किनाऱ्यावरच्या खडकात एक खोल डबकं होतं. भरतीला समुद्र त्याच्यावरून जायचा. ओहोटीला वरचे खडक उघडे पडायचे आणि आतलं पाणी तळाच्या आडव्या फटीतून हळूहळू समुद्रात जायचं. एकदा काय झालं, भरतीबरोबर हा गोब्रा आत आला, कपारीत शिरला आणि म्हणाला, "आजपासून मी तुमचा राजा." कुणी विचारलं होतं का त्याला? पण एवढं मोठं तोंड बघून कोण बोलणार! रोज भरतीला यायचा आणि ओहोटी लागली की खडकांवरूनच परत निघून जायचा.

त्या डबक्यात तिरपी नावाची एक कुर्ली राहायची. कुर्ली म्हणजे खेकडीच, बरं का. सगळ्या कुर्ल्या तिरप्याच चालतात, पण ही जरा जास्तच. म्हणून सगळे तिला चिडवायचे, "तिरपागडी गं तिरपागडी!" तिची आई त्या दिवसांत दगडाखाली लपून बसली होती. का? तर कुर्ली वाढते ना, तेव्हा जुनं कवच काढून टाकते. नवं टणक होईपर्यंत ती लोण्यासारखी मऊ असते. कुणीही यावं आणि मटकावून जावं. तिरपी दगडापासून हलतच नव्हती.

मग राजाचा पहिला हुकूम सुटला. "कोळंब्यांनी दरबारात यायचं. आणि शेपटी आपटून मागच्या मागे उडी मारता ना, तो उद्धटपणा बंद. सरळ पुढे यायचं." पाच कोळंब्या मिशा नीट करून, नटूनथटून कपारीत गेल्या. एकही परत आली नाही. "मानाच्या जागी बसवल्यात," राजा म्हणाला. आणि खरं वाटलं की हो सगळ्यांना!

मग दुसऱ्या दिवशी माकूळमामांना बोलावणं आलं. मामांना दहा हात, आणि घाबरले की काळी शाई सोडून पसार व्हायचे. राजाने बजावलं, "शाई सोडायची नाही. सरळ आत यायचं." मामा दहा हात घेऊन गेले आणि नऊ हात घेऊन आले. वाचले कसे? तर भीतीने शाई सुटलीच म्हणून! धापा टाकत म्हणाले, "अगं तिरपे, दरबार कसला, तोंड आहे ते नुसतं!"

तिरपीचं डोकंच फिरलं. "म्हणजे जीव वाचवायची ज्याची जी तऱ्हा, तीच याला नको आहे. कोळंबीची उडी नको, मामांची शाई नको. उद्या माझी चाल नको म्हणेल बघा!"

आणि तसंच झालं. तिसऱ्या दिवशी राजा गरजला, "दगडाखाली कोण आहे? तुझी आई ना? दोघींनी सरळ चालत यायचं. नाही आलात तर दगड उलथून टाकीन!"

आई आतून रडत म्हणाली, "तिरपे, राजाच्या वाकड्यात शिरू नकोस गं. मी जाते."

"तू जागची हलायचं नाहीस," तिरपी म्हणाली. "आपण जन्मालाच वाकड्यात आलोय, आई."

मग ती दगडापुढे उभी राहिली. दोन्ही नांग्या वर केल्या. "ए राजा! आई येणार नाही. मीही येणार नाही. आणि सरळ तर सात जन्मांत चालणार नाही. काय करायचं ते कर, जा!" एवढीशी पोर, पण बोलणं बघा! आणि नांगी काही खाली आली नाही हो तिची.

राजा चवताळून बाहेर आला. तोंड वासून सरळ झेपावला. तिरपी सुर्रकन डावीकडे. ठाण्! राजाचं डोकं खडकावर. पुन्हा झेपावला. तिरपी सुर्रकन उजवीकडे. ठाण्! ते बघून उरलेल्या कोळंब्यांना चेव आला. शेपट्या आपटत त्या त्याच्या नाकासमोरून मागच्या मागे उडायला लागल्या. तिसऱ्यांदा तो झेपावणार, तेवढ्यात मामांनी होती नव्हती ती सगळी शाई सोडली. राजाला दिसेना की उमजेना.

या धावपळीत ओहोटी लागली, बरं का. वरचे खडक उघडे पडले. आता बाहेर जायला वाट एकच, तळाची आडवी फट. राजा उभा शिरून बघतो, पाठ अडकते. मागे येऊन बघतो, पाणी कमी कमी होतंय.

तिरपी ओरडली, "महाराज, सरळ! सरळ चाला!"

काय करतो बिचारा? कुशीवर पडला, पार तिरपा झाला, आणि अंग खरवडत, वळवळत फटीतून निघून गेला. सगळं डबकं पोट धरून हसलं. पुन्हा काही तो तिकडे फिरकला नाही.

चार दिवसांनी आईचं कवच टणक झालं. ती बाहेर आली आणि लेकीला म्हणाली, "माझी तिरपागडी गं ती!" त्या दिवसापासून डबक्यात ते लाडाचं नाव झालं. सगळी सुखाने राहिली, आपापल्या चालीने.

झाली गोष्ट. मिटा डोळे. आणि शेवंते, झोप बाई तशीच तिरपी. फक्त पाय माझ्या पोटावरून काढ.