खालच्या ओळीतलं नाव

कासारगावच्या सेवा क्लबचे अध्यक्ष दिगंबरराव सरनोबत म्हणजे नावाला हपापलेला माणूस. त्यांच्या नावाचा फलक भिंतीवर चढल्याशिवाय क्लबचा कुठलाच कार्यक्रम सुरू होत नसे. नेत्रतपासणी शिबिराच्या वेळी मात्र पंचाईत झाली. शाळेच्या खोलीत मोकळी भिंत एकच, आणि तिथे डॉक्टरांना अक्षरांचा तक्ता लावायचा होता.

"त्या भिंतीवर माझं नाव नसेल तर शिबिर रद्द!" दिगंबररावांनी आदल्या दिवशी बजावलं.

"नाव त्याच भिंतीवर असेल, साहेब," सचिव कुमुदताई शांतपणे म्हणाल्या.

सकाळी साठेक म्हातारीकोतारी माणसं रांग धरून बसली होती. दिगंबरराव रुबाबात आले. चष्म्याने वय दिसतं म्हणून ते तो कधी लावत नसत. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि सगळ्यांदेखत कडाडले, "यात माझं नाव कुठाय?"

"सगळ्यात खालच्या ओळीत, साहेब. अगदी ठसठशीत."

"मला तर काही दिसत नाही!"

कुमुदताईंनी रांगेच्या पुढे खुर्ची ओढली.

"मग बसा. पहिला चष्मा तुमचाच."