भुयाराचं मौन

"सर, शोधनिबंध पाठवू ना मग?"

केतकीने तिसऱ्यांदा विचारलं. वझलवार सर खिडकीशी चहा पीत बसले होते.

डोंगरमाथ्यावरची ती वेधशाळा. आकाशातून वैश्विक किरण आदळला की हवेत फुटतो आणि कणांचा सडा जमिनीवर पडतो. असे लाखो सडे. त्यांत एखादाच गॅमा किरणाचा. तो ओळखायची खूण एकच. साध्या सड्यातले म्युऑन कण जमीन भेदून वेधशाळेखालच्या भुयारातल्या यंत्रांपर्यंत पोचतात. गॅमाच्या सड्यात ते जवळजवळ नसतात. वर सडा, खाली शांतता.

सात वर्षांत केतकीला असे नऊ सडे सापडले होते. परदेशातला एक गट याच शोधाच्या मागे होता. ते आधी जाहीर करतील या धास्तीने दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पोरगी हुशार होती, आणि ते तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

"नऊ वेळा भुयार गप्प होतं," सर म्हणाले. "जागं होतं का?"

"होतं की. यंत्रांचा दिवा हिरवा होता."

"एरवी तिथे एकटेदुकटे म्युऑन टिकटिकतच असतात. त्या नऊ वेळी टिकटिक होती?"

"ती नोंद आम्ही कचरा म्हणून काढून टाकतो, सर. मूळ टेपा कपाटात आहेत. पण चाळायला आठ दिवस जातील... तोवर ते लोक जाहीर करून मोकळे होतील!"

सरांनी कपाळावरून हात फिरवला, कानाशी नेला, मग टेबलावर ठेवला. बोलले काहीच नाहीत.

"म्हणजे पाठवू?"

...

"सर, माझी सात वर्षं आहेत यात."

...

"तुमचं नाव पहिलं घालते. चालेल?"

सर बाहेर बघत राहिले. शेवटी तिनेच ठरवून टाकलं, मौन म्हणजे संमती. संगणकाकडे वळून तिने कळीवर बोट ठेवलं, आणि तेवढ्यात तिची नजर टेबलावर गेली.

कपबशीशेजारी सरांचं श्रवणयंत्र पडलं होतं. त्याचा बारीक दिवा हिरवा होता.

बोट तिथेच थांबलं.

सरांनी सावकाश यंत्र उचलून कानात बसवलं.

"हं, बोल. मी कशाकशाला हो म्हणालो?"

केतकीने कपाटाची किल्ली घेतली.

नवव्या दिवशी ती परत आली. डोळे सुजलेले. आठ वेळा भुयारात टिकटिकच नव्हती. दिवा हिरवाच होता, पण यंत्रं काही मोजत नव्हती. एकदा मात्र टिकटिक आधीही होती, नंतरही होती. मध्ये सडा आला तेवढ्यापुरतीच शांतता.

"ते लोक परवाच जाहीर करून बसले, सर..." तिला रडू आवरेना. "आणि माझ्याकडे नऊपैकी एकच उरला."

सरांनी कानातलं यंत्र नीट आहे ना ते चाचपलं. मग म्हणाले,

"त्या दिवशी तर खात्रीचा एकही नव्हता."