करवंदघाटाचा उघडा रांजण

एक होता घाट. त्याचं नाव करवंदघाट. घाटाच्या माथ्यावर होतं एक गाव. गावाच्या वेशीवर होता एक दगडी रांजण. आणि त्या रांजणाचा होता एक नियम.

नियम असा, की रांजणाचं झाकण माल टाकण्याकाढण्यापुरतं उघडायचं आणि लगेच लावायचं. आपला रांजण भरलाय की रिकामा, ते शेजारच्या घाटाला सांगायचं नाही. शेजारच्या घाटाचं आपण विचारायचं नाही. आणि असं का, हे तर मुळीच विचारायचं नाही.

त्या गावात हौसा नावाची एक मुलगी होती. तिचा बाप भिवबा हा रांजणाचा राखणदार. हौसा पाच वर्षांची झाली तेव्हा तिनं गावच्या पाटलांना विचारलं, "असं का?" पाटील म्हणाले, "नियम आहे." दहा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा विचारलं. पाटील म्हणाले, "आमच्या आजोबांनीसुद्धा कधी विचारलं नाही." बरं का, मोठ्या माणसांना उत्तर येत नसलं की ती आजोबांना पुढे करतात. आजोबा बिचारे केव्हाच वर गेलेले, ते काय सांगणार?

तर हा रांजण साधासुधा नव्हता. खाली समुद्र, बंदर. बंदरातून मीठ, खोबरं, सुपारी बैलांच्या पाठीवर लादून लोक घाट चढायचे आणि वरच्या मुलखात विकायला न्यायचे. माथ्यावर आलं की दर गोणीमागे तीन ओंजळी माल रांजणात टाकायचा. ही त्या घाटाची जकात. आणि नवल असं, की एका हंगामात रांजण जितका भरेल तितकंच गावामागचं तळं भरायचं. मग रांजणातलं मीठ-खोबरं गाव वाटून घ्यायचं, आणि त्याच्या बदल्यात वाट राखायचं. पायऱ्या झाडायच्या. निसटलेला दगड बसवायचा. अवघड वळणावर बैलाला मागून रेटा द्यायचा. पाणपोई भरलेली ठेवायची. व्यापारी तीन ओंजळी द्यायचे आणि सुखानं चढायचे. इतकी शहाणी रीत मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

डोंगरापलीकडे होता केवडघाट. त्याच्यापलीकडे शेवरघाट. तिथेही असेच रांजण, अशीच तळी. आणि अशीच झाकणं.

तिन्ही घाटांवर राज्य एकाच राजाचं. राजा राहायचा लांब, चाळीस कोसांवर. त्यानं तिन्ही गावांना एकेक ताम्रपट दिला होता. त्यावर लिहिलं होतं, 'गाव आपल्या जकातीचं मालक आहे. ओंजळ कमी करायची तर खुशाल करावी. वाढवायची तर आमचा शिक्का आणावा.' गाव त्या ताम्रपटाची पूजा करायचं. हौसानं एकदा तो वाचला आणि ती बापाला म्हणाली, "बा, कडी बाहेरून लावायची आणि म्हणायचं घर तुमचंच आहे. ही कुठली मालकी?"

बाप म्हणाला, "हळू बोल."

मग काय झालं, एका वर्षी बंदरातून दर्याशेठ आला. हजार बैल त्याचे. प्रत्येक बैलाच्या गळ्यात चांदीची घंटा. वेशीवर येऊन तो गोड हसला आणि म्हणाला, "पाटील, गाव फार छान हो तुमचं. पण केवडघाटात दोनच ओंजळी घेतात. पुढच्या खेपेला मी तिकडून जाऊ का?"

आता, हजार बैल गेले तर रांजणात पडणार काय? पाटील घाबरले. केवडघाटाला विचारावं, तर नियम. पाटलांनी एक ओंजळ कमी केली. त्या वर्षी तळं तीन पायऱ्यांनी उतरलं.

दुसऱ्या वर्षी दर्याशेठ आला. आणखी गोड हसला. "शेवरघाटात एकच घेतात, पाटील." पाटलांनी आणखी एक ओंजळ कमी केली. तळ्याच्या तळाशी नुसतं गढूळ डबकं उरलं.

तिसऱ्या वर्षी आला तो हातात रिकामा पिंजरा घेऊनच. म्हणाला, "यंदा एक गंमत झाली आहे. हा माल माझा नाहीच. माल एका पोपटाचा आहे. पोपट राहतो सात समुद्रांपलीकडच्या बेटावर. तिथे जकात नसते. मी त्याचा साधा हमाल. हमालाकडून कसली ओंजळ घेता? आणि हो, केवडघाटात माझ्या बैलांना चारासुद्धा घालतात."

मग पाटलांनी काय केलं माहीत आहे? ओंजळ माफ केली. आणि गावाच्या गंजीतला कडबा काढून हजार बैलांना घातला. वर बैलांना हारही घातले. आपल्या पाटलांचं मन फार मोठं. अक्कल त्या मानानं बेताची.

तळं आटलं. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या.

नेमकी त्याच दिवसांत हौसाची वहिनी बाळंत झाली. बाळ झालं गोरंगोमटं, पण न्हाऊ घालायला पाणी कुठलं? हौसाचा भाऊ तीन कोसांवरून एक घागर आणायचा. त्यातलं अर्धं प्यायला, उरलेलं रांधायला, आणि बाळाला एक तांब्या. हौसा पाय लांब करून बसली, बाळाला पायांवर घेतलं, तेल लावलं, डाळीचं पीठ चोळलं. मग पाणी घातलं. एकदा घातलं, दोनदा घातलं, तांब्या संपला. बाळाच्या कानामागचं पीठ तसंच राहिलं. वाळलं, खाजायला लागलं, बाळ रडायला लागलं.

वहिनी म्हणाली, "राहू दे हौसावन्सं. उद्या धुऊ."

हौसा म्हणाली, "उद्या पाणी कुठून येणार आहे?"

ती उठली आणि भर दुपारी वेशीवर गेली. लाकडी झाकणाला दोन्ही हात घातले आणि ते बाजूला काढून ठेवलं. आत वाकून पाहिलं, तर तळाशी एक कोळी जाळं विणत बसलेला.

तेवढ्यात वारा आला. आणि रांजण बोलला. "घूंऽऽ" करून असा खोल आवाज, की पिंपळावरचे कावळे उडाले. कारण रिकामा रांजण जाड आवाजात घुमतो, भरलेला बारीक आवाजात. तुम्ही तांब्याच्या तोंडाशी फुंकर मारून बघा उद्या. पण गावातल्या एकाही माणसानं आपल्या रांजणाचा आवाज ऐकलेला नव्हता. झाकण होतं ना.

गावातली म्हातारी माणसं धावत आली. "झाक, झाक! केवडघाटाला ऐकू जाईल."

हौसा म्हणाली, "जाऊ दे की. त्यांचा रांजण का ऐकू येत नाही, ते मी बघून येते." आणि झाकण काखेत मारून ती चालू लागली.

डोंगर उतरली, डोंगर चढली, केवडघाटात पोचली. तिथे रांजणाची राखण करायची तुळसाकाकू. केस पांढरे, जीभ तिखट. हौसाला पाहून ती म्हणाली, "आलीस? तुमच्यामुळे आमचं तळं आटलं. तुम्ही म्हणे दर्याशेठकडून एकच ओंजळ घेता."

हौसा म्हणाली, "काकू, आम्ही तर तुमच्यामुळे कमी केली."

मग तुळसाकाकूनं आपल्या रांजणाचं झाकण उचललं. रिकामा. वारा आला, रांजण घुमला.

"पण काकू," हौसानं विचारलं, "ही झाकणं आली कुठून?"

काकू म्हणाली, "माझ्या सासूची सासू सांगायची. एका वर्षी आमचा रांजण अर्धाच भरला. शेजारचे हसतील म्हणून लाजेनं झाकला. तुमच्याकडच्या कुणी तो पाहिला, त्यांना वाटलं झाकायची रीतच आहे. त्यांनीही झाकला. मग शेवरघाटानंही झाकला. मीही आयुष्यभर झाकतच आले. चल, मी येते तुझ्याबरोबर. पण हळू चाल, माझे गुडघे तुझे नाहीत."

मग दोघी मिळून शेवरघाटात गेल्या. तिथला राखणदार धोंडू आधी झाकणावर बसूनच राहिला. म्हणाला, "करवंदघाट बैलांना जेवायला घालतो, आणि वर आम्हाला हिणवायला माणसं पाठवतो."

तुळसाकाकू म्हणाली, "अरे ऊठ रे. ते काय अंडं आहे?"

धोंडू उठला. झाकण काढलं. रिकामा. वारा आला आणि तो रांजणही घुमला. मग लांबून केवडघाटाचा आवाज आला. त्याच्याही लांबून करवंदघाटाचा. तीन रिकामे रांजण, एकच सूर. धोंडूनं डोक्यावरचं पागोटं काढलं आणि तो बराच वेळ ऐकत राहिला.

मग तिघांनी मिळून ठरवलं, आणि आपापल्या गावाला पटवलं. करवंदघाटात म्हाताऱ्यांनी फार कुरकुर केली. पण भिवबा म्हणाला, "मी राखणदार. तीस वर्षं नुसतं झाकण राखलं. आता पोरीचं ऐकतो." आवडला मला तो भिवबा. उशिरा बोलला, पण बोलला.

दर्याशेठ पुन्हा आला. पाहतो तर वेशीवर रांजण सताड उघडा. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ. वळणावर दगड पडलेला. बैलाला रेटा द्यायला एक माणूस नाही.

हौसा म्हणाली, "शेठ, गोणीमागे तीन ओंजळी. पूर्वीसारख्या. मग वाटही पूर्वीसारखी."

शेठ हसला आणि केवडघाटाकडे वळला. तिथेही तसंच. त्यानं पिंजरा पुढे केला, "माल पोपटाचा आहे हो." तुळसाकाकू म्हणाली, "मग बैलांना रेटा पण पोपटच देईल. बोलव त्याला." शेठ शेवरघाटात गेला. तिथे धोंडू वळणावर पडलेल्या दगडावर नुसता बसून राहिला.

शेठ बारा दिवस घाटाखाली थांबला. बैल त्याचा स्वतःचा चारा खात होते. आभाळ भरून येत होतं, आणि पाऊस आला असता तर मीठ विरघळलं असतं. तेराव्या दिवशी त्यानं पिंजरा झाडाला टांगला आणि ओंजळी मोजायला सुरुवात केली. गावानं दगड हलवला, पायऱ्या घासल्या, बैलांना रेटा दिला. थोडे बैल या घाटानं, थोडे त्या घाटानं वर चढले. तिन्ही रांजण भरू लागले. तिन्ही तळ्यांच्या भेगा मिटल्या आणि पाणी पायरी पायरी चढू लागलं.

संपली का गोष्ट? नाही. राजा राहिला ना.

आठ दिवसांत राजाचा कारभारी घोड्यावरून आला. पारावर बसला. सारं गाव गोळा झालं. कारभाऱ्यानं ताम्रपट मागवला, वाचून दाखवला आणि म्हणाला, "शिक्का न घेता ओंजळ वाढवली. आता वाढवलेली ओंजळ रद्द करा. रांजण झाका. घाटानं घाटाशी बोलायचं नाही."

म्हातारी माणसं उठली आणि हात जोडून उभी राहिली. पाटील म्हणाले, "चूक झाली सरकार. पोरीनं केलं. हौसे, झाकण आण."

हौसा पुढे आली. कडेवर बाळ होतं, नुकतंच न्हालेलं, जावळ अजून ओलं.

ती म्हणाली, "झाकण मिळणार नाही. त्याचा मी पाट केलाय. त्यावर बसून मी बाळाला न्हाऊ घालते."

पाटील म्हणाले, "हौसे, राजाची आज्ञा आहे. आपले आजोबा..."

"आबा, झाकण आलं ते लाजेतून. लाज संपली. आणि कारभारीसाहेब, आमचं कमी करायला तुमचा शिक्का लागत नाही, तर आमचं पुरतं करायला का लागावा? ज्या वाटेचे दगड आम्ही उचलतो, त्या वाटेचं आम्ही एकमेकांशी बोलणार. रांजण झाकणार नाही. तुम्ही झाकलात, तर पायऱ्याही तुम्हीच झाडा."

पाटील, म्हातारे, सगळे गप्प झाले. इतके गप्प, की वारा आल्यावर वेशीवरचा रांजण बारीक सुरात गायला लागला तो साऱ्यांना ऐकू आला. त्याला केवडघाटानं उत्तर दिलं. मग शेवरघाटानं.

कारभारी ऐकत राहिला. वहिनीनं त्याच्यापुढे पेजेचा वाडगा ठेवला, वर मिठाचे दोन खडे. बरं का, दर्याशेठ खाली अडकला होता ना, तेव्हापासून राजवाड्यात सगळे अळणीच जेवत होते, आणि मिठाचे बैल अजून वाटेतच होते. राजासुद्धा. कारभाऱ्यानं पेज चाटूनपुसून खाल्ली. ताम्रपट काखेत मारला आणि तो आला तसा घोड्यावर बसून निघून गेला. पुढच्या बैलाबरोबर राजवाड्यात मीठ पोचलं, आणि मग राजानं शिक्क्याचा विषय पुन्हा काढला नाही.

करवंदघाट, केवडघाट, शेवरघाट सुखात राहिले. बाळाच्या कानामागे पुन्हा कधी पीठ वाळलं नाही. दर्याशेठ दर वर्षी येतो आणि तीन ओंजळी टाकतो. आणि आता कुणी कुणाला खोटं सांगू शकत नाही, कारण कोणाचा रांजण किती भरलाय ते वारा आला की तिन्ही गावांना कळतं.

पारावरचे म्हातारे मात्र अजून गप्पच आहेत. तुम्हीही आता तसेच गप्प व्हा. रांजण उघडा राहू दे, पापण्या तेवढ्या झाका. निजा आता.