पुजलेलं कपाट

"सर, आता तुम्हीच सांगा. यात काय कमी आहे?"

विचारणारा होता डॉक्टर सुहृद मांजरेकर. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाचा मुख्य डॉक्टर. आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न नव्हताच, त्याला शाबासकी हवी होती. हुशार माणसांची ही जुनीच खोड.

समोर नवं कोरं कपाट होतं, काचेच्या दारांचं. विषावरचे सगळे उतारे एका जागी. सापाच्या विषावरच्या लसीच्या कुप्या, विंचवावरच्या गोळ्या, फवारणीचं औषध पोटात गेलं तर द्यायची इंजेक्शनं. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात नाव आणि मुदत. पूर्वी हीच औषधं इथे तिथे पडलेली असत. पेशंट दारात तडफडायचा आणि माणसं किल्ल्या शोधत फिरायची. सुहृदनं ते बंद केलं. जिल्ह्याला खेटे घातले, भांडला, पण करून दाखवलं. काम सोन्यासारखं होतं, त्यात वाद नाही.

केळुसकर सर काठीवर दोन्ही हात ठेवून बघत राहिले. साप चावलेला माणूस कसा सांभाळायचा, हे त्या मुलखातल्या कितीतरी डॉक्टरांना सरांनीच शिकवलेलं. आता निवृत्त झाले होते, गुडघे बोलत होते. तरी शिष्यानं बोलावलं म्हणून खंडेनवमीच्या पूजेला मुद्दाम आले.

खंडेनवमीला कोयता, नांगर, यंत्र, ज्याचं जे पोटाचं साधन ते पुजायचं. रुग्णालयातल्या मंडळींनी यंदा हे कपाटच पुजलं होतं. झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढे रांगोळी, नारळ. आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नाही, ही तर आपल्याकडची रीतच.



मग सुहृदनंच सांगायला सुरुवात केली. आसपासची आरोग्य केंद्रं सारखी मागत असतात, आज हे संपलं, उद्या ते संपलं. आपल्याकडे तसलं काही नाही. अख्ख्या वर्षात कुणापुढे हात पसरावा लागलेला नाही.

"छान," सर म्हणाले. एवढंच.

तेवढ्यात फोन वाजला.

डोंगरापलीकडच्या आंबेखोलच्या आरोग्य केंद्रातून डॉक्टर योगिनी तावडे बोलत होती. नोकरीला नुकतीच लागलेली पोर. भात कापताना सुगंधा गावडे नावाच्या बाईच्या पायाला फुरसं चावलं होतं. हिरड्यांतून रक्त येत होतं. काचेच्या नळीत घेतलेलं रक्त गोठत नव्हतं, म्हणजे विष भिनलं होतं. केंद्रातल्या कुप्या आधीच्या पेशंटला संपल्या, नव्या यायच्या होत्या. केंद्राची गाडी एका बाळंतिणीला घेऊन गेलेली. काय करू, असं ती विचारत होती.

सुहृद जराही डगमगला नाही. म्हणाला, घाबरू नका, आमची गाडी पाठवतो, तिला इकडे घेऊन येतील, इथे सगळं तयार आहे. फोन ठेवला आणि त्यानं सरांकडे पाहिलं. बघा, म्हणत होता तो चेहरा.

सरांनी हळूच विचारलं, "जाताना गाडी रिकामी जाणार?"

"हो."

"रिकामी का?"

सुहृदनं कारणं सांगितली. इथला साठा बाहेर न्यायचा तर जिल्ह्याची परवानगी लागते, आणि आज सुट्टी. शिवाय निम्म्या कुप्या तिकडे गेल्या आणि इथेच कुणी आलं तर? कापणीचे दिवस आहेत, बांधाबांधावर फुरशी आहेत. मुद्दा काही खोटा नव्हता. सरांनीही तो शांतपणे ऐकून घेतला.

"गाडी जाणार, तिला घेऊन परत डोंगर चढून उतरणार," ते म्हणाले. "तेवढा वेळ विष थांबेल का रे?"

सुहृदची नजर कपाटाकडे गेली.

कपाटापाशी सुनंदा मावशी उभी होती, वॉर्डाची झाडलोट करणारी. पूजा तिनंच हौसेनं मांडलेली. ती चाचरत म्हणाली, "सर, पुजलेलं आज हलवत नाहीत हो."

"खरंय, मावशी. पण आज खंडेनवमी आहे हे फुरशाला कुणी कळवलंय का?"

मावशीनं तोंडाला पदर लावला.

सरांनी काठी भिंतीला टेकवली. चपला काढल्या. रांगोळीला पाय लागू न देता पुढे झाले, हार उतरवला आणि मावशीच्या ओंजळीत ठेवला. मग कपाटाला हात जोडले, आणि दमून झोपलेल्या माणसाला उठवावं तशा आवाजात म्हणाले, "उठा देवा. काम आलंय."

दार त्यांनीच उघडलं.

पुढचं सगळं भराभर झालं. निम्म्या कुप्या डब्यात गेल्या, लस अंगावर उठली तर लागणारी इंजेक्शनंही गेली. सर नको नको म्हणत असताना गाडीत बसले, म्हणजे नको नको बाकीचे म्हणत होते, सर बसले. वाटेत सुहृदनं जिल्ह्याच्या साहेबांना घरी फोन लावला. साहेब जेवत होते. म्हणाले, अहो जा, कागदाचं मागाहून बघू. वर्षभर ज्या परवानगीचा बाऊ केला ती तोंडातला घास संपायच्या आत मिळाली. 

आंबेखोलला सुगंधा खाटेवर पडून होती. पाय सुजून टम्म झालेला. नवरा उशाशी उभा, कमरेला अजून कोयता अडकवायची आकडी, हातापायांना चिखल. सुहृदला पाहताच तो पुढे आला.

"डॉक्टरांनू, वाचतली मां ती?"

एरवी सुहृदकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असे.  या वेळी त्यानं नुसता नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच खाटेकडे गेला.

योगिनीनं कुप्या हातात घेतल्या खऱ्या, पण पहिली कुपी उघडायला ती धजेना. ही लस तिनं आजवर दुसऱ्यांना देताना पाहिलेली, स्वतःच्या जबाबदारीवर कधी दिली नव्हती. सुहृदनं पटकन हात पुढे केला, आणा इकडे.

सरांनी त्याचं मनगट धरलं.

"तिला देऊ दे."

"सर, वेळ..."

"तू तिच्याजवळ उभा राहा. तेवढं पुरे."

तो उभा राहिला. अंगावर उठलं तर लागणारं इंजेक्शन भरून हातात धरलं. योगिनीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, त्यानं मान हलवली, आणि तिनं कुपी उघडली. सलाइनमधून लस थेंब थेंब जायला लागली. अंगावर काही उठलं नाही. मग वाट बघण्याशिवाय दुसरं काम उरलं नाही. सर स्टुलावर बसून सुगंधाच्या कपाळावरून हात फिरवत होते, स्वतःच्या लेकीच्या फिरवावा तसा.

दिवस कलायच्या सुमाराला हिरड्यांचं रक्त थांबलं. योगिनीनं पुन्हा नळीत रक्त घेतलं, ठेवलं, आणि बराच वेळ गेल्यावर नळी तिरकी केली.

रक्त जागचं हललं नाही. गोठलं होतं.

पोर नळी हातात धरून रडायलाच लागली. तिला रडताना बघून नवराही रडायला लागला, त्याला वाटलं संपलं सगळं. सुहृदनं त्याला जवळ घेऊन समजावलं की बाबा रे, हे चांगलं आहे, वाचली ती. 

सुगंधानं डोळे किलकिले केले. पहिलं काय विचारावं बाईनं? तर कापायच्या राहिलेल्या भाताचं. "भात तसांच रवलां मां?"

"रवांदे तां," नवरा म्हणाला आणि तिचा हात सोडीना.

बाहेर व्हरांड्यात, योगिनीच्या देखत, सुहृद सरांसमोर उभा राहिला. सकाळचा तोरा कुठल्या कुठे गेला होता. "सर, तुम्ही कपाट उघडलंत म्हणून ती वाचली," तो म्हणाला.

"नाही रे. हिनं फोन केला म्हणून वाचली."

योगिनी ओशाळली. म्हणाली, करू की नको असं झालं होतं, दरवेळी आम्हीच मागायचं, लाज वाटते. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला.

डब्यात काही कुप्या उरल्या होत्या. सुहृदनं त्या नीट लावल्या, झाकण बसवलं आणि डबा गाडीत न्यायला उचलला. सरांनी त्यावर आपला सुरकुतलेला हात ठेवला.

"इथे राहू दे."

सुहृदनं केंद्रातल्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. मग डबा तिथे ठेवला. ठेवला, पण पाय निघेना.

"सर... आणि उद्या मला कमी पडल्या तर?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मोठ्या मायेनं.

"मग हाक मार, बाळा."